वैद्यकीय रहस्यकथांचे पॉडकास्ट: एकाच भागाबद्दल इतकी टोकाची मतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वैद्यकीय रहस्यकथा सांगणाऱ्या पॉडकास्टचा जो भाग एकाला खिळवून ठेवतो, तोच दुसऱ्याला रटाळ वाटतो. तिसरा म्हणतो ही डॉक्टरांची बदनामी आहे, आणि चौथ्याला ऐकल्यापासून स्वतःच्याच छातीत धडधडतंय. मग ऐकायचं की नाही, आणि चांगला भाग ओळखायचा कसा?

जरूर ऐका. 'रटाळ', 'फसवल्यासारखं वाटलं', 'शेवट पटला नाही' या तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण बहुतेक वेळा त्यांचं मूळ एकच असतं. डॉक्टरांना जी माहिती ज्या टप्प्यावर होती, ती श्रोत्याला त्या टप्प्यावर मिळाली नाही. निदानाची गोष्ट रंगते ती आजाराच्या विचित्र नावामुळे नाही. चुकीचा अंदाज त्या वेळी बरोबर का वाटला होता आणि नेमक्या कुठल्या बारकाव्याने तो मोडला, हे कळतं तेव्हा ती रंगते.

एक जुनं प्रकरण घेऊ. सप्टेंबर १९४४, न्यूयॉर्क. एकाच दिवशी अकरा जण रुग्णालयात आणले जातात. बहुतेक वयस्कर, निराधार, दारूची सवय असलेले. ओठ, कान, बोटं निळी पडलेली, पोटात कळा. पहिला संशय कार्बन मोनॉक्साइडचा आला, आणि त्यात गैर काही नाही. एकाच वस्तीतली माणसं एकाच दिवशी कोसळू लागली तर विषारी वायू आधी आठवणारच. कसलेला निवेदक इथे घाई करत नाही. त्या वायूने रक्त उलट भडक लाल होतं, मग ही माणसं निळी कशी, हा प्रश्न तो श्रोत्याच्या मनात रुजू देतो. साथरोग तपासणाऱ्यांनी खाण्यापिण्याची चौकशी केली तेव्हा कळलं की सगळ्यांनी एकाच खाणावळीत ओटमील (ओटची लापशी) खाल्लं होतं. तिथल्या स्वयंपाकघरात मांस टिकवण्यासाठी लागणारं सोडियम नायट्राइट होतं. दिसायला मिठासारखंच. ओटमीलमध्ये मिठाच्या जागी तेच पडलं होतं.

सामान्य भाग इथे संपतो. चांगला भाग पुढचा प्रश्न विचारतो: ते ओटमील इतरांनीही खाल्लं होतं, मग आजारी अकराच का पडले? पातेल्यातली मात्रा माणूस निळा पडण्याइतकी नव्हती. उत्तर टेबलावरच्या मीठदाणीत सापडलं. तिच्यातही नायट्राइट भरलं गेलं होतं, आणि ज्यांनी वरून भरपूर 'मीठ' घेतलं त्यांनाच ते बाधलं. अतिमद्यपानाने शरीरातलं मीठ कमी होतं, म्हणून ही मंडळी ते जास्त घेत असावीत, असा तपास करणाऱ्यांचा तर्क होता. अकरांपैकी एक जण वाचला नाही.

यामागची यंत्रणाही दोन मिनिटांत सांगण्यासारखी आहे. नायट्राइट हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलतं, मग ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहू शकत नाही आणि रक्त चॉकलेटी दिसू लागतं. आज असा गंभीर पेशंट आला तर बोटावरचा ऑक्सिमीटर ८५ टक्क्यांच्या आसपास अडकतो आणि ऑक्सिजन लावूनही फारसा हलत नाही. धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत मात्र ऑक्सिजनचा दाब नॉर्मल येतो. दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हाच धागा. उतारा मेथिलीन ब्लू: वजनाच्या किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून, साधारण ५ मिनिटांत. पेशंटमध्ये जी-६-पी-डी या एन्झाइमची कमतरता असेल तर मात्र याच औषधाने लाल पेशी फुटू शकतात. एवढा तपशील असलेला भाग कुणाला तांत्रिक वाटेल, पण श्रोत्याला काहीतरी हाती लागतं ते यातूनच.

हीच गोष्ट नासवायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही सर्रास वापरले जातात. एक म्हणजे भागाच्या शीर्षकात किंवा जाहिरातीतच 'घातक मीठ' सांगून टाकायचं. दुसरा याहून वाईट: खाणावळीचा उल्लेख शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत दडवायचा आणि तोवर गूढ संगीतावर वेळ काढायचा. तपास करणाऱ्यांनी जेवणाखाणाची चौकशी आधीच केलेली असते. ती श्रोत्यापासून लपवली तर ते रहस्य खोटं ठरतं. 'फसवल्यासारखं वाटलं' असं लिहिणाऱ्यांचं मला शंभर टक्के पटतं.

'रटाळ' या शेऱ्याकडे मात्र जरा सावधपणे बघा. निदानाचा मोठा वाटा पेशंटच्या हकिगतीत असतो. त्रास कधी सुरू झाला, तासांत वाढला की महिन्यांत, कशाने कमी होतो, कुठली औषधं चालू आहेत, काम काय, घरात आणखी कुणाला त्रास आहे का. चाळीस मिनिटांच्या भागात पहिली दहा-बारा मिनिटं यावर गेली तर तो वेळ सत्कारणी लागला असं मी म्हणेन. नाव कळल्यानंतरही आठ-दहा मिनिटं उरायला हवीत: निदान पक्कं कशाने झालं, उपचाराने काय सुधारलं, काय सुधारलं नाही. नाव उच्चारून लगेच संगीत वाजवणारे भाग इथेच कमी पडतात. रटाळपणा खरा कुठे असतो? तेच वाक्य तीनदा घोळवण्यात, पेशंटच्या रडण्यावर रेंगाळण्यात, आणि जाहिरातीनंतर मागचं सगळं पुन्हा सांगण्यात.

ऐकण्याची एक पद्धत सुचवतो. वही घ्या आणि भाग दोनदा थांबवा. पहिल्यांदा हकीगत आणि शारीरिक तपासणी संपल्यावर, रिपोर्ट सांगायच्या आधी. तिथे चार शक्यता लिहा: सगळ्यात नेहमीची, सगळ्यात धोकादायक, सहज बरी होणारी, आणि औषधामुळे किंवा विषामुळे होणारी. दुसऱ्यांदा रिपोर्ट सांगून झाल्यावर थांबवा आणि कुठली शक्यता का खोडली हे एका ओळीत लिहा. शेवटी निवेदकाने तुमच्या चारही शक्यतांचा निकाल लावला का ते बघा. लावला नसेल तर तो भाग अर्धवट आहे, मग आवाज कितीही भारदस्त असो. पहिल्याच शक्यतेला चिकटून बसण्याची आपली खोडही या वहीत लख्ख दिसते. डॉक्टरांच्या चुकांमागेही अनेकदा हीच खोड असते: एक उत्तर मिळालं की शोध थांबवणं.

आता डॉक्टरांच्या बदनामीचा मुद्दा. 'पाच डॉक्टरांनी हात टेकले, सहाव्याने ओळखलं' ही मांडणी ऐकायला झकास वाटते, पण सहाव्याकडे पाच जणांच्या नॉर्मल रिपोर्टची फाइल तयार असते आणि तोवर आजारही पुढे सरकलेला असतो. पोर्फिरिया (हिमोग्लोबिनसाठी लागणारा घटक बनवण्यातला शरीराचा दोष) याचा तीव्र प्रकार बघा. पोटात असह्य वेदना, पण पोट दाबलं तर फारसं काही सापडत नाही. सोनोग्राफी नॉर्मल. निदानासाठी लघवीत पोर्फोबिलिनोजेन हे रसायन तपासावं लागतं, तेही झटका चालू असताना. नमुना प्रकाशापासून झाकून पाठवायचा. काही पेशंटमध्ये झटका ओसरल्यावर हे प्रमाण खाली येतं आणि रिपोर्ट दिशाभूल करतो. अशा वेळी आधीच्या डॉक्टरांना निष्काळजी म्हणणं अन्यायाचं आहे. याउलट पेशंट 'लघवी ठेवली की लाल-तपकिरी होते' असं सांगत होती आणि कुणी लिहूनच घेतलं नाही, असं असेल तर ती चूकच, आणि पॉडकास्टने ती स्पष्ट शब्दांत सांगावी. हे दोन प्रकार वेगळे करणारा निवेदक विश्वासाचा. विशेषतः बाईच्या वेदनेला 'टेन्शन आहे' म्हणून वाटेला लावल्याच्या तक्रारी इतक्या येतात की त्यावर गप्प बसणंही बरोबर नाही.

ऐकून स्वतःत लक्षणं दिसू लागणाऱ्यांसाठी एक हिशोब. समजा एखादा आजार १०,००० माणसांत एकाला होतो. तपासणी इतकी चांगली की ९९ टक्के आजारी माणसांत ती पॉझिटिव्ह येते आणि ९९ टक्के निरोगी माणसांत निगेटिव्ह. सरसकट सगळ्या १०,००० जणांची केली तर आजारी माणूस एक सापडेल, पण सुमारे १०० निरोगी लोकही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात असूनही आजार असण्याची शक्यता एक टक्क्याच्या जवळपास. डॉक्टर दुर्मीळ आजाराची तपासणी आधीच का करत नाहीत याचं उत्तर यात आहे. पॉडकास्ट फक्त तो एक माणूस ऐकवतो, ते शंभर कधीच ऐकवत नाही. निवेदकाने आजार किती विरळ आहे हे आकड्यात सांगितलं की नाही, हे आवर्जून बघा. युरोपीय संघात २,००० माणसांत एकापेक्षा जास्त जणांना न होणारा आजार दुर्मीळ धरतात. तुलनेला तेवढा आकडा पुरे.

तरीही शंका जात नसेल तर डॉक्टरांकडे आजाराचं नाव घेऊन जाऊ नका, एका पानाची नोंद घेऊन जा: लक्षण, सुरू झाल्याची तारीख, किती वेळ टिकतं, सोबत काय होतं, चालू औषधं. त्याचा उपयोग जास्त होतो. आणि छातीत दुखणं, अचानक एका बाजूची ताकद जाणं, श्वास न पुरणं यासाठी नोंदीही नकोत, थेट तातडीच्या विभागात जा.

जुन्या, इतिहासातल्या प्रकरणांवरचे भाग निवडताना वेगळी काळजी घ्यावी लागते, कारण तिथे दंतकथेची भर पडलेली असते. १८५४ मधली लंडनची कॉलऱ्याची साथ ऐकवताना बहुतेक निवेदक सांगतात की डॉक्टर जॉन स्नो यांच्या सांगण्यावरून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली. दांडा ८ सप्टेंबरला काढला हे खरं, पण मृत्यू त्याआधीच उतरणीला लागले होते, आणि हे स्नो यांनी स्वतः मान्य केलं होतं. कॉलरा पाण्यातून पसरतो याचा त्यांचा खरा पुरावा अपवादांत होता: पंपाच्या अगदी जवळच्या दारूभट्टीतले कामगार बिअर प्यायचे आणि ते वाचले, तर लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा त्याच पंपाचं पाणी मागवून प्यायची आणि ती दगावली. हे दोन अपवाद ज्या भागात नाहीत, तो सोडून दिला तरी चालेल.

निदान न होताच संपणाऱ्या भागांवर राग निघतो, तो मला पटत नाही. १९७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ पसरली. निकेलच्या विषबाधेसह अनेक तर्क झाले. जिवाणू सापडल्याचं जाहीर झालं ते जानेवारी १९७७ मध्ये, शास्त्रज्ञ जोसेफ मॅकडेड यांनी जुन्या स्लाइड पुन्हा तपासल्यावर. डिसेंबरमध्ये कुणी ही गोष्ट सांगितली असती तर ती उत्तराशिवायच संपली असती, आणि तरी सांगण्यालायक असती. अट एकच: उत्तर नाही हे सुरुवातीलाच सांगावं.

आवाजाची पातळी, कमीजास्त होणारं संगीत, निवेदकांचं मधेच हसणं याबद्दलच्या तक्रारी रास्त आहेत, त्यावर वेगळं लिहायची गरज नाही. पेशंटची संमती मात्र तपासा. नाव बदललं तरी वय, पेशा, गाव आणि दुर्मीळ आजार एकत्र आले की माणूस ओळखू येतो. संमतीबद्दल चकार शब्द नसेल तर ती त्रुटी मोठी धरा.

आणि स्वतः अभिप्राय लिहिणार असाल तर 'मस्त' किंवा 'बकवास' यावर थांबू नका. कितव्या मिनिटाला कुठली माहिती दडवली, कुठली शक्यता न खोडता सोडून दिली, कुठला आकडा चुकला, ते लिहा. अशा अभिप्रायावर करणाऱ्यांना पुढच्या भागात काहीतरी दुरुस्त करता येतं, आणि नवीन श्रोत्यालाही कुठून ऐकायला घ्यावं ते कळतं.