पाळलेला बॉल पायथन फक्त जिवंत उंदीरच खातो. उंदराचे हाल न होता त्याला कसं खाऊ घालता येईल?

जिवंत उंदीर बंद करा; गोठवलेला उंदीर वितळवून, ऊन करून द्या. सापालाही तेच सुरक्षित. भूक नसलेल्या सापाबरोबर कोंडलेला उंदीर सापालाच कुरतडतो आणि जखम कधीकधी हाडापर्यंत जाते.

ही सवय लावताना घोडं अडतं ते बहुधा तापमानापाशी. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता जाणणारे खळगे असतात. गार उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नाही. उंदीर बंद पिशवीत घालून रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या. देण्याआधी पिशवीसकट साधारण ४५ अंशांच्या पाण्यात २०-३० मिनिटं ठेवा. मोठ्या उंदराला जास्त वेळ लागतो, पाणी बदलावं लागतं. पोट दाबून बघा. आत कडक किंवा गार लागलं तर परत पाण्यात. अर्धवट वितळलेला उंदीर गिळला तर साप उलटी करण्याचा धोका असतो. वरून ३८-४० अंश भरला पाहिजे आणि डोकं सगळ्यात ऊन हवं, म्हणून शेवटचं मिनिटभर फक्त डोक्याकडची बाजू गरम पाण्यात बुडवा. मायक्रोवेव्ह नको: एकीकडे शिजतं, दुसरीकडे बर्फ राहतो, वर पोट फुटतं. उरलेला उंदीर पुन्हा गोठवू नका.

उंदराची जाडी सापाच्या सर्वात जाड भागाइतकी, त्याहून फार नाही. अंधार पडल्यावर, साप लपणातून डोकं बाहेर काढून बसला असेल तेव्हा, ३० सेंटिमीटरच्या चिमट्याने उंदराच्या मानेमागे धरून हळू हलवा. तोंडावर आपटू नका, घाबरट साप लगेच वेटोळं घालतो. नाही घेतला तर लपणाच्या तोंडाशी ठेवून निघून जा. सकाळी तसाच असेल तर फेकून द्या. पुढचा प्रयत्न आठवड्याने. कात टाकायच्या दिवसांत तर उंदीर देऊच नका. तरीही अडला तर उंदराच्या कवटीला छेद देऊन मेंदूचा थेंब त्या उंदराच्याच नाकावर लावा. किळसवाणं आहे, पण बरेचदा लागू पडतं. मधल्या काळात दर आठवड्याला सापाचं वजन करा. धडधाकट प्रौढ साप काही आठवडे न खाता सहज राहतो. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर मात्र पशुवैद्याकडे न्या.

घरीच उंदीर मारायचा विचार असेल तर जिवंत उंदीर फ्रीझरमध्ये टाकणं हा मार्गच नव्हे, तो मरण लांबवतो. व्हिनेगर-सोड्याचा वायूही नको, प्रमाण हातात राहत नाही. कार्बन डायऑक्साइड वापरायचा तर सिलिंडर, रेग्युलेटर आणि फ्लोमीटर (वायू किती वेगाने सुटतो ते दाखवणारं मापक) हवाच. दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के वायू सोडायचा, म्हणजे २० लिटरच्या पेटीत ६ ते १४ लिटर. वायूने आधीच भरलेल्या पेटीत उंदीर सोडला तर शुद्ध हरपण्याआधी नाका-डोळ्यांची आग होते. श्वास थांबल्यावरही किमान मिनिटभर वायू चालू ठेवा. हृदयाचे ठोके आणि डोळ्याची उघडझाप नाही याची खात्री झाल्यावरच गोठवा. हळूहळू वायू सोडला तरी उंदीर अस्वस्थ होतोच, त्यामुळे चांगल्या विक्रेत्याकडून गोठवलेले घेणं मला जास्त पटतं. नवजात पिल्लांसाठी तर तेवढंच करा: ती प्राणवायूविना बराच वेळ तग धरतात आणि नुसत्या वायूने मरायला ५० मिनिटंही लागू शकतात.