आवडत्या जुन्या अमेरिकन निवडणुका? जिथे तिसरा-चौथा उभा होता त्या सगळ्या, पण १९१२ सगळ्यात वर

प्रश्न असा आहे की अमेरिकेच्या जुन्या अध्यक्षीय निवडणुकांपैकी तुमच्या आवडत्या कुठल्या, आणि त्यातही सरळ दोघांच्या लढतीपेक्षा तिघे-चौघे तगडे उमेदवार होते अशा कुठल्या. माझा क्रम ठरलेला आहे, १९१२ पहिली, १८२४ दुसरी, मग १८६० आणि १९४८. १९९२ च्या अपक्ष उमेदवार रॉस पेरोबद्दल सगळेच बोलतात, त्याच्यावर खाली दोन ओळी लिहितो, जास्त नाही.

आधी एक नियम लक्षात घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. तिथे लोक अध्यक्षाला थेट निवडत नाहीत, राज्याराज्यातून इलेक्टर निवडले जातात, आणि बहुतेक राज्यांत जो एका मताने का होईना पुढे असतो त्याला त्या राज्याची सगळीच्या सगळी इलेक्टोरल मतं मिळतात. कोणालाच निम्म्याच्या वर मिळाली नाहीत तर निर्णय खालच्या सभागृहात म्हणजे हाऊसमध्ये जातो आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत, राज्य केवढंही असो. आपल्याकडे बंडखोर उभा राहिला की लगेच "मतं खाल्ली, मतं खाल्ली" सुरू होतं, पण तिथे किती खाल्ली ह्यापेक्षा कुठे खाल्ली हे बघावं लागतं. मला ह्या निवडणुका आवडतात त्या ह्याच कारणामुळे.

तर १९१२. थिओडोर रूझवेल्ट १९०९ पर्यंत अध्यक्ष होता, त्यानेच विल्यम टाफ्टला आपला वारस म्हणून बसवलं आणि स्वतः आफ्रिकेत शिकारीला निघून गेला. परत आल्यावर बघतो तर टाफ्ट त्यांच्या रिपब्लिकन पक्षातल्या जुन्या मंडळींच्या बाजूला गेलेला, निदान रूझवेल्टला तरी तसं वाटलं, आणि मग दोघांची जी जुंपली ती थेट उमेदवारीपर्यंत. त्या वर्षी प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण ह्यावर राज्यातल्या मतदारांनी मत देणं, हा प्रकार नवीनच होता, थोड्याच राज्यांत झाल्या, त्यातली ९ राज्यं रूझवेल्टने घेतली, टाफ्टचं स्वतःचं ओहायोसुद्धा. पण उमेदवार ठरवणाऱ्या शिकागोच्या अधिवेशनात पक्षयंत्रणा टाफ्टच्या हातात होती. २५४ प्रतिनिधींच्या जागांवर वाद होता, त्यातल्या २३५ टाफ्टला दिल्या आणि १९ रूझवेल्टला, म्हणजे खेळ तिथेच संपला. रूझवेल्टने सरळ नवा पक्ष काढला, प्रोग्रेसिव्ह नावाचा, लोक त्याला बुल मूस पक्ष म्हणायचे.

तिकडे डेमोक्रॅट्सचं बाल्टिमोरचं अधिवेशन वेगळाच तमाशा होता. चँप क्लार्कला मध्येच बहुमत मिळालेलं, पण त्यांच्या पक्षात तेव्हा दोन तृतीयांश लागायचे, ते काही जमेना, आणि शेवटी ४६ व्या फेरीत वुड्रो विल्सन निघाला. चौथा होता समाजवादी यूजीन डेब्ज. चौघांपैकी एकही भरतीचा नव्हता, एक चालू अध्यक्ष, एक माजी अध्यक्ष, एक पुढचा अध्यक्ष आणि एक असा माणूस जो आठ वर्षांनी अटलांटाच्या तुरुंगातून पुन्हा अध्यक्षपदाला उभा राहिला. आणि वाद नुसता एकमेकांना शिव्या घालण्याचा नव्हता हो, मोठ्या ट्रस्ट, म्हणजे अख्खा धंदा मुठीत ठेवणाऱ्या कंपन्यांचं काय करायचं ह्याच्यावर चौघांची चार उत्तरं होती. रूझवेल्ट म्हणे मोठ्या राहू देत पण सरकारचा कडक अंकुश पाहिजे, विल्सन म्हणे स्पर्धा परत आणा, टाफ्ट कोर्टात खटले भरत होता, आणि डेब्ज म्हणे मालकीच लोकांची करा.

मग १४ ऑक्टोबरला मिलवॉकीत रूझवेल्टवर गोळी झाडली. छातीच्या खिशात भाषणाचे ५० कागद घडी घालून ठेवलेले आणि चष्म्याची धातूची डबी, त्यातून आरपार जाऊन गोळी छातीत शिरली पण खोल गेली नाही. खोकून बघितलं, रक्त आलं नाही म्हणजे फुफ्फुस ठीक आहे असं ह्याने स्वतःच ठरवलं आणि हॉस्पिटलला जायच्या आधी जवळपास दीड तास भाषण ठोकलं. गोळी काढलीच नाही, शेवटपर्यंत अंगातच होती. त्यात भर म्हणजे टाफ्टचा जोडीदार, उपाध्यक्ष जेम्स शर्मन, मतदानाच्या जेमतेम आठवडाभर आधी वारला.

निकाल असा लागला, विल्सन ४१.८ टक्के आणि ४३५ इलेक्टोरल मतं, रूझवेल्ट २७.४ टक्के आणि ८८, टाफ्ट २३.२ टक्के आणि फक्त ८, म्हणजे युटा आणि व्हरमाँट, बस्स. डेब्जला ९ लाखांच्या आसपास मतं, ६ टक्के, इलेक्टोरल शून्य. चालू अध्यक्ष तिसरा! आणि विल्सनची एकूण मतं १९०८ ला हरलेल्या त्याच्याच पक्षाच्या ब्रायनपेक्षाही कमी होती. इथे मात्र मतविभागणी झाली हे मी मान्य करतो, कारण रूझवेल्ट आणि टाफ्ट एकाच घरातले, एकाच राज्यांत एकमेकांचं कापत होते. पण ह्याचा अर्थ एकटा टाफ्ट असता तर जिंकला असता असा काढू नका, रूझवेल्टचे बरेच लोक टाफ्टपेक्षा विल्सनला जवळचे होते. टाफ्टचं म्हणाल तर त्याला मुळात न्यायाधीशच व्हायचं होतं, १९२१ मध्ये सरन्यायाधीश झाला आणि सुखी झाला.

१८२४ ची मजा निराळी. चारही उमेदवार एकाच पक्षाचे, कारण दुसरा पक्ष जवळजवळ उरलाच नव्हता. अँड्र्यू जॅक्सन, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, विल्यम क्रॉफर्ड आणि हेन्री क्ले. इलेक्टोरल मतं ९९, ८४, ४१ आणि ३७, बहुमताला हवी होती १३१. घटनेच्या बाराव्या दुरुस्तीप्रमाणे पहिले तीनच हाऊसकडे जातात, म्हणजे क्ले चार मतांनी बाहेर पडला, आणि क्ले कोण, तर त्याच हाऊसचा स्पीकर! क्रॉफर्ड १८२३ मध्येच आजारी पडून अर्धा लुळा झालेला, तरी चौथ्या नंबरच्या धडधाकट क्लेला बाहेर ठेवून तो आत. तेव्हा सहा राज्यांत लोक मतदानच करत नव्हते, विधिमंडळच इलेक्टर नेमायचं, त्यात न्यूयॉर्कसारखं मोठं राज्य. तिथल्या ३६ पैकी २६ अ‍ॅडम्सला, ५ क्रॉफर्डला, ४ क्लेला आणि १ जॅक्सनला, आता ह्यात किती घासाघीस झाली असेल विचार करा, क्रॉफर्डची तीन मतं क्लेकडे गेली असती तर क्ले त्याला मागे टाकून स्वतःच हाऊसमध्ये उमेदवार असता, आणि स्पीकर असल्यामुळे बहुधा अध्यक्षही.

९ फेब्रुवारी १८२५ ला हाऊसमध्ये मतदान झालं, २४ राज्यांपैकी १३ लागणार होती आणि अ‍ॅडम्सला बरोबर १३ मिळाली. जॅक्सनला ७, क्रॉफर्डला ४. क्लेच्या केंटकीमध्ये अ‍ॅडम्सला जनतेचं एकही मत नव्हतं, तिथल्या विधिमंडळाने ठराव करून जॅक्सनला मत द्या म्हणून सांगितलं होतं, तरी केंटकीच्या खासदारांनी अ‍ॅडम्सला दिलं. इलिनॉयचा तर खासदारच एक, म्हणजे एका माणसाच्या खिशात अख्ख्या राज्याचं मत. पुढे अ‍ॅडम्सने क्लेला परराष्ट्रमंत्री केलं आणि बोंबाबोंब झाली, जॅक्सनने क्लेला पश्चिमेचा जुडास (येशूचा विश्वासघात करणारा शिष्य) म्हटलं. सौदा झाला होता का? माझ्या मते लेखी-तोंडी काही ठरायची गरजच नव्हती, क्लेला जॅक्सन मुळातच नको होता आणि धोरणांत तो अ‍ॅडम्सच्या जवळ होता. पण ते पद घेणं हा मूर्खपणा होता, कारण जॅक्सनला चार वर्षं पुरेल एवढा दारूगोळा मिळाला आणि १८२८ ला त्याने अ‍ॅडम्सला आडवा केला.

१८६० बद्दल हमखास ऐकू येतं की विरोधकांत फूट होती म्हणून लिंकन आला. हिशोब करून बघा. लिंकनला ३९.८ टक्केच होते हे खरं आणि दक्षिणेतल्या १० राज्यांत त्याच्या नावाची मतपत्रिकासुद्धा नव्हती (मतपत्रिका तेव्हा सरकार नाही, पक्षच छापायचे). पण इलेक्टोरल मतं १८०, लागत होती १५२. आता त्याच्या विरोधातल्या डग्लस, ब्रेकिन्रिज आणि बेल तिघांची मतं एकाच माणसाच्या नावावर टाका, तर लिंकनच्या हातून कॅलिफोर्निया, ऑरेगॉन आणि न्यू जर्सीतली ४ एवढंच जातं, उरतात १६९, म्हणजे तरीही तोच! बाकी उत्तरेत त्याला सरळ निम्म्याहून जास्त मतं होती. आणि डग्लसचं नशीब बघा, देशभर २९.५ टक्के मतं, दुसरा क्रमांक, आणि इलेक्टोरल फक्त १२, तर बेलला १२.६ टक्क्यांत ३९. हरणार हे कळल्यावर तो दक्षिणेत फिरून संघराज्य फोडू नका म्हणून सांगत होता, त्याबद्दल मला ह्या माणसाविषयी आदर आहे, एरवी त्याची मतं मला पटत नाहीत.

१९४८ मध्ये हेच गणित आणखी स्वच्छ दिसतं. चालू अध्यक्ष ट्रूमनच्या डेमोक्रॅटिक पक्षातून दोन्ही बाजूंनी माणसं फुटली, उजवीकडून स्ट्रॉम थर्मंड आणि डावीकडून हेन्री वॉलेस. दोघांनाही देशभरात साडेअकरा लाखांच्या थोडी वर मतं, जवळपास सारखीच. थर्मंडला इलेक्टोरल ३९, वॉलेसला शून्य! कारण थर्मंडची मतं चार दक्षिणी राज्यांत एकगठ्ठा होती, अलाबामात तर ट्रूमनचं नावच मतपत्रिकेवर येऊ दिलं नाही, आणि वॉलेसची पसरलेली. अर्थात न्यूयॉर्कमध्ये वॉलेसने ५ लाख घेतली आणि रिपब्लिकन उमेदवार डिवी तिथे ६० हजारांच्या आसपास फरकाने आला, ४७ इलेक्टोरल मतं ट्रूमनच्या हातची गेली, म्हणजे तिथे खरंच मतं खाल्ली. तरी ट्रूमन जिंकला. तो शिकागो ट्रिब्यूनचा, डिवीने ट्रूमनला हरवलं अशा चुकीच्या मथळ्याचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय, पण ओहायो सुमारे ७ हजारांनी आणि कॅलिफोर्निया १८ हजारांच्या आत आलं होतं हे कोणी सांगत नाही, ती दोन गेली असती तर ट्रूमन २५३ वर, लागणार २६६, आणि प्रकरण हाऊसमध्ये. वॉलेसच्या बाबतीत अजून एक, १९४४ ला त्यालाच उपाध्यक्षपदावरून काढून ट्रूमनला घेतलं होतं, नाहीतर एप्रिल १९४५ ला अध्यक्ष तोच झाला असता.

१९६८ चा जॉर्ज वॉलेस (हा वेगळा, नातं नाही) थर्मंडचाच डाव, म्हणजे कोणालाच बहुमत मिळू न देण्याचा, मोठ्या प्रमाणावर खेळला, ५ राज्यं आणि ४६ इलेक्टोरल मतं, निक्सनकडून कॅलिफोर्नियाची ४० गेली असती तर जमलाही असता. आणि पेरो, १८.९ टक्के, जवळजवळ दोन कोटी मतं, इलेक्टोरल शून्य. चालू अध्यक्ष बुशला त्याने पाडलं म्हणतात पण एक्झिट पोलमध्ये त्याचे मतदार बुश आणि क्लिंटनमध्ये साधारण अर्धे-अर्धे निघाले, त्यामुळे मी ते मानत नाही. मेनमध्ये मात्र तो बुशच्याही पुढे होता, जिथे बुशचं उन्हाळ्यातलं घर होतं.

हे सगळं वाचून झालं असेल आणि अजून भूक असेल तर १८३६ बघा. व्हिग पक्षाचे वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे उमेदवार होते, समोर डेमोक्रॅट्सचा एकटा व्हॅन ब्युरेन, त्याला १७०, लागत होती १४८. पेनसिल्व्हेनिया त्याला चार हजारांच्या आसपास मतांनी मिळालं, तिथली ३० गेली असती तर पुन्हा हाऊस. आणि उपाध्यक्षपदाचं तर खरंच अडकलं. व्हॅन ब्युरेनचा जोडीदार रिचर्ड जॉन्सन एका गुलाम स्त्रीला, ज्युलिया चिनला, उघडपणे बायको मानून राहिलेला म्हणून व्हर्जिनियाच्या २३ इलेक्टरांनी व्हॅन ब्युरेनला मत दिलं पण त्याला दिलं नाही, तो १४७ वर अडकला, आणि उपाध्यक्ष सिनेटला निवडावा लागला.