मुलीचं परदेशातलं वर्ष आणि धाकट्याचा वाटा

नमस्कार,

तुमच्या पत्रातला मुद्दा आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमची मुलगी सोळा वर्षांची आहे, शाळेची दोन वर्षं राहिली आहेत. विद्यार्थी देवाणघेवाणीच्या एका कार्यक्रमात तिची निवड झाली आहे. दहा महिने परदेशात, तिथल्या एका कुटुंबात राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं. तुमचा आणि तुमच्या पतींचा मिळून हातात येणारा पगार धरला, तर कार्यक्रमाचं शुल्क पाच महिन्यांच्या पगाराएवढं आहे. पहिला हप्ता तीन आठवड्यांत भरायचा आहे. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत: तिच्या पदवीसाठी साठवलेल्या पैशांतून काढायचे, वैयक्तिक कर्ज घ्यायचं, किंवा तुमचे भाऊ अर्धं शुल्क बिनव्याजी देतो म्हणतात ते घ्यायचं. मुलगी तोंडाने काही मागत नाही, पण फॉर्म पूर्ण भरून, फोटो चिकटवून तुमच्या टेबलावर ठेवलाय. फक्त पालकांच्या सहीची जागा रिकामी आहे.

ती रिकामी जागा वाचताना मलाही अवघड वाटलं. म्हणून उत्तर आधीच सांगते: या तीन आठवड्यांत सही करू नका. पण तिला जाऊ देऊ नका, असं मी म्हणत नाहीये. ती जावी असंच मला वाटतं. कसं, ते पुढे लिहिते. हिशेब सगळा पगाराच्या महिन्यांतच करू, म्हणजे आकडा किती जड आहे ते लगेच कळतं.

सुरुवात खऱ्या खर्चापासून. शुल्क पाच महिन्यांचं, पण दहा महिन्यांचा खिसाखर्च त्यात नाही. व्हिसा, वैद्यकीय तपासण्या, लसी, तिथल्या हवामानाचे कपडे, शाळेच्या सहली, फोन, आणि परत आल्यावर बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी शिकवणी, हे सगळं बाहेर. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर सहा महिन्यांच्या आसपास पोहोचाल. त्यावर अडीअडचणीसाठी निदान अर्ध्या महिन्याचा पगार वेगळा ठेवा. म्हणजे साडेसहा.

हा अर्धा महिना मी अनुभवाने सांगते. माझा मुलगा असाच गेला होता. चौथ्या महिन्यात चेंडू लागून त्याचा चष्मा फुटला. विम्याची कागदपत्रं काढून बघितली, तर चष्मा आणि नेहमीचे दातांचे उपचार त्यात नव्हतेच. यजमान बाईंनी त्याला दुकानात नेलं, पैसे स्वतः दिले, आणि आम्हाला ओझं वाटेल म्हणून तो तीन आठवडे बोलला नाही. त्या तीन आठवड्यांचं मला आजही वाईट वाटतं. रक्कम मोठी नव्हती, पण त्याच्या खात्यावर तेवढी शिल्लक आम्ही ठेवली नव्हती.

शुल्क परकीय चलनात असेल तर आणखी एक गोष्ट. साडेसहापैकी साधारण चार महिन्यांची रक्कम त्या चलनात जाणार असेल आणि हप्ते संपेपर्यंत आपलं चलन आठ टक्क्यांनी उतरलं, तर दहा दिवसांचा पगार त्यातच जातो.

आता कर्जाचं. साडेसहा महिन्यांच्या पगाराएवढं कर्ज तीन वर्षांसाठी, वर्षाला १२ टक्के व्याजाने धरलं, तर दरमहा पगाराचे साडेएकवीस टक्के हप्त्यात जातील आणि एकूण परतफेड पावणेआठ महिन्यांच्या पगाराएवढी होईल. तुम्ही आज महिन्याला १५ टक्के बाजूला टाकता. म्हणजे बचत पूर्ण थांबेल आणि वर घरखर्चातून साडेसहा टक्के काढावे लागतील. कर्जाचा विचार सोडून द्या. यावर मी जास्त लिहीत नाही.

पदवीच्या पैशांवर मात्र नीट बोलायला हवं, कारण इथे उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. तुमच्याकडे आज १४ महिन्यांचा पगार साठलाय. पदवीला १६ लागतील असा तुमचा अंदाज आहे. गुंतवणुकीवरची वाढ आणि वाढत जाणारी फी एकमेकांची भरपाई करतात असं धरून दोन्ही बाजूला ठेवते. मुलगी गेली नाही, तर पदवी दोन वर्षांनी सुरू होईल. तोवर महिन्याला १५ टक्क्यांप्रमाणे आणखी ३.६ महिन्यांची भर पडेल. झाले १७.६. गरजेपेक्षा थोडे जास्तच.

ती गेली आणि तिथलं वर्ष इथल्या शाळेने धरलं नाही, तर पदवी तीन वर्षांनी सुरू होईल. १४ अधिक ५.४, वजा साडेसहा. उरतात १२.९. खड्डा ३.१ महिन्यांचा. शाळेने वर्ष धरलं तर सगळे म्हणतील, बरं झालं, वर्ष वाचलं. पण पैसा साठवायलाही एक वर्ष कमी मिळेल. तेव्हा उरतील ११.१, आणि खड्डा ४.९ चा होईल. ती नोकरीला एक वर्ष आधी लागेल हे खरं, पण फीची तारीख त्याच्या कितीतरी आधी येते.

तुम्ही म्हणाल, पदवीची फी एकदम कुठे भरायची असते? वर्षावर्षाला भरायची, आणि तोपर्यंत आमची बचत चालूच असेल. बरोबर आहे. नुसतं तिच्यापुरतं बघितलं तर तीन वर्षांच्या पदवीच्या काळात हा खड्डा भरूनही निघेल. पण तुमच्या पत्राच्या अगदी शेवटच्या ओळीत आहे, ‘धाकटा अकरा वर्षांचा आहे.’ त्याचा उल्लेख पत्रात एवढाच. त्याच्या नावावर वेगळा पैसा नाही. ताईची पदवी सुरू झाली की महिन्याचे १५ टक्के त्याच्यासाठी वळवायचे, अशी तुमची योजना आहे. म्हणजे साडेसहा महिन्यांचे पैसे तिच्या खात्यातून निघताना दिसले, तरी ते प्रत्यक्षात त्याच्या वाट्यातून निघतात. आणि तुमच्या पतींचं काम दरवर्षी नव्या कराराने चालतं, हेही तुम्हीच लिहिलंय. एखाद्या वर्षी करार लांबला तर पहिली कात्री धाकट्याच्याच पैशांना लागेल. तो अजून फॉर्म भरून टेबलावर ठेवायच्या वयाचा नाही, म्हणून त्याच्या बाजूने मी बोलते.

यावरून मर्यादाही काढता येते. तीन वर्षांत साठणारे १९.४, त्यातले १६ पदवीचे. उरतात ३.४. थोडं ओढूनताणून, सगळं धरून साडेतीन महिन्यांच्या पगारात हे वर्ष बसलं, तर धाकट्याच्या वाट्याला धक्का न लावता ती जाऊ शकते. तुम्हाला शोधायचाय तो असा कार्यक्रम.

तसा तो असतो का? असतो, आणि हे समजायला या व्यवहारात पैसे नक्की कशाचे द्यायचे असतात ते बघावं लागतं. बहुतेक पालक समजतात की शुल्क म्हणजे राहण्या-जेवण्याचे पैसे. अनेक जुन्या कार्यक्रमांत यजमान कुटुंबाला काहीच मिळत नाही. ‘एएफएस’ ही संस्था पहिल्या महायुद्धातल्या स्वयंसेवक रुग्णवाहिका चालकांच्या दलातून उभी राहिली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून शाळकरी मुलांना दुसऱ्या देशांतल्या घरांत पाठवू लागली. ती घरं स्वेच्छेने दार उघडतात. अमेरिकेत जे-१ व्हिसावर, म्हणजे देवाणघेवाणीसाठीच्या व्हिसावर, येणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांच्या यजमानांना मोबदला देता येत नाही. करात सवलत मिळते ती, अटींत बसलं तर, महिन्याला फार तर ५० डॉलरच्या वजावटीची. एका वाढत्या वयाच्या मुलाचं दहा महिने करायचं, तर ५० डॉलर म्हणजे काहीच नाही. ती माणसं हे पैशासाठी करत नाहीत.

मग शुल्क जातं कुठे? निवड, कुटुंब शोधणं, त्यांची पडताळणी, विमा, बऱ्याचदा प्रवास, आणि अडचण आली तर धावून येणारा माणूस. याच अमेरिकी नियमांत यजमान घराला प्रत्यक्ष भेट देणं, घरातल्या प्रत्येक प्रौढाची पार्श्वभूमी तपासणं आणि स्थानिक समन्वयकाने दर महिन्याला विद्यार्थ्याशी बोलणं बंधनकारक आहे. विम्याची किमान पातळीही ठरलेली आहे: प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला १,००,००० डॉलर, आणि तातडीने उपचारांसाठी हलवावं लागलं तर त्यासाठी ५०,००० डॉलर. मुलगी दुसऱ्या देशात जाणार असली तरी ही मोजपट्टी हाताशी ठेवा. आपल्या संस्थेचं शुल्क जास्त असेल, तर ती यातलं काय काय देते, ते एकेक कलम लावून विचारा. यजमानांना पैसे दिले जात असतील तर तेही विचारा. त्यात वाईट काही नाही, पण मग तुम्ही घरभाडं भरताय आणि ते भाडं इतरांशी ताडून बघायचा तुम्हाला हक्क आहे.

रोटरी क्लबच्या युवा देवाणघेवाणीत खर्चाची रचनाच वेगळी आहे. वर्षभराच्या कार्यक्रमात राहणं-जेवण यजमान कुटुंबांकडे असतं, शाळेची सोय आणि थोडा खिसाखर्च तिथला क्लब बघतो. पालकांवर मुख्यतः विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा आणि किरकोळ खर्च येतो. पालक रोटरीचे सदस्य असावेत अशी अट नसते. बहुतेक ठिकाणी मुलगी एकाच घरी न राहता वर्षभरात दोन-तीन घरं बदलते. आणि पुष्कळदा पाठवणाऱ्या कुटुंबाने परदेशातून आलेल्या मुलाला आपल्याकडे ठेवून घ्यावं अशी अपेक्षा असते. मला ही अपेक्षा ओझ्याची वाटत नाही. एक खाट, एक जास्तीचं ताट, आणि तुमच्या धाकट्याला घरबसल्या दुसऱ्या देशातला मोठा भाऊ किंवा बहीण मिळते. ताईच्या वर्षातला त्याचा वाटा असाही त्याच्यापर्यंत पोहोचतो.

पूर्ण शिष्यवृत्त्याही आहेत. अमेरिकी सरकारचा केनेडी-लुगार कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला आणि ठरावीक देशांतल्या शालेय विद्यार्थ्यांचा वर्षभराचा खर्च तोच उचलतो. जागा थोड्या, चुरस मोठी. पण तुमची मुलगी एका निवडीतून पार पडलीय, दुसरीत का नाही बसणार?

म्हणून एक वर्ष थांबा. शाळा वर्ष धरणार नाही असं मानून त्याची किंमत बघा: आत्ता गेली तर एक वर्ष परदेशात आणि दोन वर्षं शाळेत. पुढच्या वर्षी गेली तर एक वर्ष शाळा, एक परदेश, एक शाळा. दोन्हीकडे पदवी तीन वर्षांनीच. थांबून पदवीला उशीर होत नाही, अर्ज करायला मात्र पूर्ण वर्ष हाती येतं. वयातही ती बसते. जे-१ च्या शालेय कार्यक्रमाला १५ ते साडेअठरा वर्षं चालतात, रोटरीला साधारण १५ ते १९. जे-१ ला पहिलीपासून अकरा वर्षांहून जास्त शिक्षण पूर्ण झालेलं चालत नाही, ते मात्र मोजून घ्या, कारण पुढच्या वर्षी ती बरोबर काठावर असेल. तोटा एकच आणि तो खरा आहे: परत आल्या आल्या तिला शाळेचं शेवटचं, महत्त्वाचं वर्ष गाठावं लागेल. शिकवणीचा खर्च मी त्यासाठीच वर धरलाय. त्या वर्षाचा ताण मात्र तिलाच पेलायचा आहे, तेव्हा याबद्दल तिचं मत आधी घ्या.

भावाच्या पैशांबद्दल. बिनव्याजी असले तरी ते उसनेच. व्याज वाचतं, खड्डा तेवढाच राहतो, आणि परतफेड नेमकी धाकट्याच्या वर्षांत येऊन पडते. पण भावाला सरळ विचारा, हे उसने देतोस की भाचीला भेट देतोस? विचारायला संकोच वाटेल, तरी विचारा. तो म्हणाला भेट, तर माझं उत्तर बदलतं. साडेसहातले अडीच गेले, राहिले चार, खड्डा अर्ध्या महिन्याच्या थोडा वर. एवढं ओझं तुमचं घर पेलू शकतं. मग शाळा वर्ष धरणार नसेल आणि करार नीट असेल, तर याच वर्षी पाठवा.

करार नीट म्हणजे काय, ते सांगून थांबते. संस्थेला आजच लेखी विचारा: निघण्याआधी रद्द केलं तर कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे परत मिळतात, आणि व्हिसा नाकारला गेला तर किती? घर बदलावं लागलं तर दुसरं घर मिळेपर्यंत ती कुठे राहील आणि तो खर्च कोणाचा? मध्येच परत यावं लागलं तर तिकीट कोण काढेल? माझ्या ओळखीतला एक मुलगा तिसऱ्या महिन्यात परत आला. त्याची काही चूक नव्हती, त्याला तिथे करमलं नाही एवढंच. शुल्कातला एक पैसाही परत आला नाही, आणि ऐन वेळचं तिकीट वडिलांनी कर्ज काढून घेतलं. ही अट करारात पहिल्यापासून होती. घरी कोणी ते पान वाचलं नव्हतं.

उत्तरं लेखी आली नाहीत, तर भेट मिळाली तरी हप्ता भरू नका. आणि आज रात्री तो फॉर्म घेऊन तिच्या शेजारी बसा. हे सगळे आकडे तिला दाखवा, धाकट्याचा रकानाही दाखवा. पुढच्या वर्षीच्या अर्जांच्या तारखा शोधायचं काम तिच्याकडेच द्या. ती काय म्हणाली ते मला जरूर कळवा.