आठवीतल्या मुलीला वैज्ञानिक विचार करायला घरी कसं शिकवावं? (म्हापसा)

मिरामारच्या विज्ञान केंद्रात जरूर न्या, पण सुरुवात लंबकापासून करा. गळाचं शिसं न ताणणाऱ्या दोऱ्याला बांधून दाराच्या चौकटीला टांगा. बलकावात (घरासमोरच्या पडवीत) नको, वारा लागतो. लांबी गाठीपर्यंत नाही, शिशाच्या मध्यापर्यंत मोजायची: बरोबर १ मीटर. हातभर नव्हे, दहाएक सेंटिमीटरच बाजूला ओढून सोडा आणि २० आंदोलनांचा (जाऊन परत आलं की एक) वेळ घ्या. सुमारे ४०.२ सेकंद यायला हवा.

३८ आला, तर बहुतेक 'एक'पासून मोजायला सुरुवात करून १९च आंदोलनं मोजली आहेत. घड्याळ 'शून्य' म्हणताना सुरू करायचं, तेही शिसं मधल्या खुणेवरून जाताना. टोकाला ते रेंगाळतं, त्यामुळे नेमका क्षण पकडता येत नाही.

आता खरा भाग. वजन दुप्पट केलं तर वेळ किती? दोरा २५ सेंटिमीटर केला तर? मोजण्याआधी तिचा अंदाज कारणासकट वहीत लिहून घ्या, पेनानेच. नंतर खोडाखोड नको. वजनाने फरक पडत नाही, पण मोठं शिसं लावलं की त्याचा मध्य खाली सरकतो, लांबी बदलते आणि 'फरक पडला' असं वाटतं. ही गफलत तिलाच शोधू द्या. पाव लांबीला वेळ निम्मा येतो, पाव नाही. सूत्र त्यानंतर सांगा.