वजन उतरलं, पण सर्दी का सुटत नाही?

प्रश्न : वय 42, उंची 157 सेंमी. गणवेश शिवण्याच्या कारखान्यात दिवसभर मशिनवर बसून काम. तीन महिन्यांत वजन 94 वरून 80 किलोवर आणलं. सकाळी भाज्यांचा रस, दुपारी काकडी-गाजर, रात्री एक भाकरी आणि पालेभाजी. रोज सिद्धेश्वर तलावाकडे दीड तास भरभर चालते. पण दोन महिन्यांत तीनदा सर्दी-खोकला झाला, केसही गळतात. आताच्या सर्दीत सीआरपी (शरीरात दाह, म्हणजे आतली सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) तपासला, 12 आला. घरचे म्हणतात, व्यायामानंच प्रतिकारशक्ती गेली. खरं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, दोष बहुधा चालण्याचा नाही, ताटाचा आहे.

पोटावरची चरबी नुसती साठून राहत नाही. चरबीच्या पेशी फुगल्या की तिथे मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. यकृत त्यांना प्रतिसाद म्हणून सीआरपी बनवतं. म्हणजे शरीराची फौज घरातल्याच भांडणात गुंतलेली. स्थूल व्यक्तींमध्ये फ्लूच्या लशीची प्रतिद्रव्यं (अँटिबॉडीज) लवकर ओसरतात, ती यामुळेही. वजन 5 ते 10 टक्के उतरलं तरी हा दाह कमी होऊ लागतो. चालताना स्नायू जी रसायनं सोडतात तीही दाह शमवतात, शिवाय विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या पेशी रक्तात फिरू लागतात.

मग बिघडलं कुठे? तुमच्या जेवणात प्रथिनं दिवसाला जेमतेम 15 ग्रॅम असावीत. पांढऱ्या पेशी आणि प्रतिद्रव्यं प्रथिनांचीच बनतात. जस्त आणि लोहही हवं. प्रथिनं मिळाली नाहीत की शरीर स्नायू मोडून काम भागवतं. आठवड्याला किलोहून जास्त उतरलेल्या तुमच्या वजनात स्नायूही गेले असणार. केसगळती या कमतरतेचीच खूण असू शकते.

आता रोज 60 ग्रॅम प्रथिनं गाठा. 50 ग्रॅम पिठाची एक, अशा ज्वारीच्या दोन भाकऱ्या (10), 50 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (12), 40 ग्रॅम तूरडाळ (9), 200 ग्रॅम दही (7), दोन अंडी (12) आणि 50 ग्रॅम पनीर (9). अंडी चालत नसतील तर पनीर वाढवा. शेंगदाण्याची चटणी सोडू नका, पण मोजून घ्या: 20 ग्रॅम दाण्यांत सुमारे 115 कॅलरी असतात, आणि वर तेल घेतलं की हिशेब पार बदलतो. रस बंद करून तीच भाजी चावून खा. वजन आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ.

चालणं आठवड्यातून पाच दिवस, 30 ते 40 मिनिटं. बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत परता. दोन दिवस खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला रेटून जोर, प्रत्येकी 10 चे तीन फेरे. हे टाळू नका, स्नायू यानेच टिकतात. नुसतं नाक वाहत असेल तर हळू चाला. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर पूर्ण विश्रांती, कारण विषाणूसंसर्गात जोराचा व्यायाम हृदयाच्या स्नायूला सूज आणू शकतो. ताप उतरून पूर्ण दिवस गेला की निम्म्या वेळेनं सुरुवात करा.

सीआरपी सर्दीत तपासलात, म्हणून त्या 12 वरून लठ्ठपणाबद्दल काही ठरवू नका. पूर्ण बरं वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासा. साखर वाढलेली असली तरी संसर्ग वारंवार होतात. सीआरपी तेव्हाही 10 च्या वर राहिला, तर कारण शोधायला डॉक्टरांकडे जा.