मणक्याला कुणी हात लावणार नाही

प्रश्न : सिस्टर, माझ्या मोठ्या दिरांना एएमएल हा ब्लड कॅन्सर आहे. केमोने आजार आटोक्यात आलाय, पण तो उलटू नये म्हणून डॉक्टरांनी बोनमॅरो ट्रान्सप्लांट सांगितलाय. नणंदेचं जुळलं नाही, माझ्या मिस्टरांचं पूर्ण जुळलं. पण दिरांचा रक्तगट बी आणि यांचा ओ. सासूबाई म्हणतात, ‘पाठीच्या मणक्यातून काढतात. एक पोर अंथरुणाला आहेच, दुसरं अधू व्हायचं.’ हे दादरच्या फुलबाजारात पहाटेपासून टोपल्या उचलतात. काय करावं?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : सासूबाईंना आधी एवढंच वाचून दाखवा : मणक्याला कुणी हात लावणार नाही. मणक्यात सुई घालतात ती पेशंटच्या, पाणी तपासायला. वॉर्डात शेजारच्या खाटेवर त्यांनी तेच पाहिलं असणार. पूर्वी दात्याला भूल देऊन बोनमॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा गर, काढत, कधीकधी आजही काढतात, पण तोही कमरेच्या हाडातून. हल्ली बहुतेक वेळा रक्तातूनच पेशी घेतात.

चार-पाच दिवस रोज इंजेक्शन. त्याने स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, हाडांतून रक्तात उतरतात. या दिवसांत कंबर, मांड्या ठणकतात, ताप येण्याआधी अंग मोडून येतं ना, तसं. मग चार-पाच तास मशीनशेजारी पडून राहायचं. एका हातातून रक्त जातं, पेशी बाजूला काढून उरलेलं दुसऱ्या हातात परत येतं. ओठांभोवती मुंग्या आल्या तर सिस्टरला लगेच सांगायचं. रक्त गोठू नये म्हणून घालतात त्या औषधाने कॅल्शियम उतरतं, इतकंच. क्वचित दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं लागतं. दिलेल्या पेशी शरीर भरून काढतं. टोपल्या मात्र थोडे दिवस दुसऱ्याला उचलू द्या.

रक्तगटाचं मनातून काढा. जुळवतात ते एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा. ते निम्मं आईकडून, निम्मं वडिलांकडून येतं, म्हणून सख्ख्या भावंडात पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. गट वेगळा असला तरी चालतं, डॉक्टर त्याची काळजी घेतात. काही महिन्यांनी दिरांचाच गट ओ होईल!

आता जे मी प्रत्येक दात्याच्या बायकोला सांगायची ते. मिस्टरांना एकट्याला विचारा, सासूबाई नसताना, तुम्हीही नसताना. डॉक्टरांना एकट्याने भेटू द्या. ‘नाही’ म्हणायचं असेल तर आत्ताच. दिरांची कंडिशनिंगची, म्हणजे ट्रान्सप्लांटच्या आधीची जोरदार केमो सुरू झाली की त्यांची स्वतःची रक्त बनवायची यंत्रणा मोडीत निघते. तिथून दाता मागे फिरला, तर ते जिवावर बेततं. आज नकार आला तर अर्ध्या जुळणाऱ्या नातेवाइकाचा किंवा रजिस्ट्रीतल्या, म्हणजे दात्यांच्या नोंदयादीतल्या, अनोळखी दात्याचा रस्ता शोधता येतो.

आणि खरी कसोटी दिरांची आहे. आपल्या परळच्या टाटात १९८३ साली देशातला पहिला बोनमॅरो ट्रान्सप्लांट झाला, तेव्हापासून औषधं खूप सुधारली, पण जोखीम संपलेली नाही. त्या दिवशी टोमॅटोच्या साराच्या रंगाची एक पिशवी सलाइनसारखी चढते, आणि काचेबाहेरचे नातेवाईक विचारतात, ‘एवढंच?’ पुढे दोन-तीन आठवडे नुसती रक्तपेशींचे आकडे वाढायची वाट. भावाच्या पेशी दिरांच्या त्वचेवर, आतड्यांवर, लिव्हरवर उलटू शकतात. त्याला जीव्हीएचडी म्हणतात. गंमत अशी, की उरलासुरला कॅन्सरही याच पेशी हुडकून मारतात. म्हणून या पेशींना औषधांनी दाबायचं, पण पुरतं नाही. पहिले शंभर दिवस ताप आला की रात्री दोन वाजताही हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.

दीर घरी येतील तेव्हा कोशिंबीर, उघड्यावरचं काही नको. आणि तुमच्या घराचा धंदाच हा म्हणून मुद्दाम लिहिते : ताजी फुलं त्यांच्या खोलीत नकोत, देवाच्या हारातलीसुद्धा. फुलांवर, मातीत बुरशी असते. मिस्टरांनी बाजारातून आल्यावर आंघोळ करून, कपडे बदलून मगच भावाजवळ बसावं. तुमचा गजराही काही महिने दाराबाहेरच राहू दे.