पंपिंग सुधारलं, आता हार्ट फेल्युअरच्या गोळ्या सोडून आहार-व्यायामावर राहता येईल का?

वडिलांच्या हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवरून ५० वर आलंय, म्हणून ते गोळ्या सोडू म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मी हृदयरुग्णांसाठी काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे, माझं सगळं काम गोळ्यांपलीकडचंच. तरीही कळकळीने सांगते, त्यांना गोळ्या सोडू देऊ नका.

हृदय मोठं होऊन कमजोर झालेल्या, पण औषधांनी सुधारलेल्या रुग्णांवर लंडनमध्ये नेमकं हेच तपासलं गेलं. ट्रेड-एचएफ हा तो अभ्यास, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. देखरेखीखाली हळूहळू औषधं थांबवली, तरी सहा महिन्यांत ४४ टक्के लोकांचा आजार परत आला. औषधं चालू ठेवलेल्यांत एकाचाही नाही. एकोमधला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतला, पंपिंगचा तो आकडा गोळ्यांनी धरून ठेवलेला असतो.

बाकी करण्यासारखं खूप आहे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी समजा. पाय सुजायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. पाण्याच्या गोळीचा, म्हणजे लघवीवाटे जादा पाणी काढणाऱ्या गोळीचा, डोस वेळेत बदलला तर ॲडमिट होणं बऱ्याचदा टळतं.

मिठाचं म्हणाल, तर भाजी अळणी होते आणि ताटात लोणचं, पापड, सांडगी मिरची तशीच राहते. खायच्या सोड्यातही सोडियम असतंच. 'लो सोडियम' मीठ मात्र स्वतःहून आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि हार्ट फेल्युअरसाठी देतात त्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्यांनी ते रक्तात आधीच वाढलेलं असू शकतं. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकने अंगात पाणी साठतं. ज्येष्ठमधानेही तेच होतं. अर्जुनसाल घेत असतील तर डॉक्टरांना सांगाच.

चालायचं ते गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने, सपाट रस्त्यावर.

आणि गोळ्या नकोशा का झाल्यात, हे त्यांना शांतपणे विचारा. उठताना चक्कर येते का? डोस किंवा वेळ बदलता येते. रात्री लघवीला उठावं लागतं? पाण्याची गोळी सकाळी घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. खर्चाची चिंता असेल तर बऱ्याच गोळ्या जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात, जनऔषधी केंद्रात चौकशी करा.